वाचक विचारतात: स्टेशनवर वाजवायचं म्हणजे नेमकं काय?

मागच्या अंकात मी न्यूयॉर्कच्या सबवे स्टेशनांवर बासरी वाजवायचो त्याबद्दल थोडं लिहिलं होतं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की मी मूळचा सोलापूरचा, कामानिमित्त काही वर्षं तिकडे होतो, काम करायची रीतसर परवानगी हातात होती, आणि संध्याकाळी नि शनिवार-रविवारी जमिनीखालच्या स्टेशनांवर उभा राहून वाजवायचो, समोर बासऱ्यांची पेटी उघडी ठेवून. आता परत सोलापुरातच आहे. त्या लेखावर इतके प्रश्न आले की संपादकांनी यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. सारखे वाटले ते प्रश्न एकत्र केलेत, आणि नावं छापत नाहीये, फक्त कुठून आलेत ते लिहितो.

शिकलेला, नोकरी असलेला माणूस लोकांच्या पायाशी पेटी ठेवून वाजवतो आणि लोक त्यात पैसे टाकतात, मनाला लागत नव्हतं का हो? माझ्या मुलाने असं केलं असतं तर मला घास गेला नसता. (जुळे सोलापूर, एक काकू)

काकू, माझ्या आईनेही फोनवर हेच विचारलं होतं, शब्द सुद्धा जवळपास हेच. त्यामुळे तुमचा राग यायचा प्रश्नच नाही.

तिथे पैसे टाकणारा माणूस कसा टाकतो ते आधी सांगतो. तो चालत येतो, दोन पावलं आधी त्याचा वेग कमी होतो, खिशात हात जातो, वाकतो, आणि वाकताना किंवा उठताना एकदा तुमच्या डोळ्यात बघतो आणि मान हलवतो. कीव करणारा माणूस डोळ्यात बघत नाही काकू, तो नजर चुकवून नाणं टाकतो आणि सटकतो. तसेही भेटायचे, नाही असं नाही, पण फार कमी. बाकीचे आवडलं म्हणून द्यायचे आणि हा फरक उभ्या उभ्या कळतो, कोणी समजावून सांगावा लागत नाही.

आणि एक सांगा, पहाटे मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव दारात यायचा तेव्हा तुमच्या आई-सासूबाई सुपातनं धान्य घेऊन बाहेर यायच्या की नाही? तेव्हा त्याला कोणी भिकारी म्हटलं का? गोंधळी, पिंगळा, नंदीबैलवाला, ही सगळी दारात आणि रस्त्यात उभी राहून गाणारी-वाजवणारीच माणसं आणि त्यांचा एक मान होता. आपल्या सोलापूरचे शाहीर राम जोशी (१७६२ ते १८१२) बघा, पुराणिकाच्या घरातले, संस्कृत शिकलेले, आणि डफ-तुणतुण्याच्या नादी लागले म्हणून थोरल्या भावाने घराबाहेर काढलं असं सांगतात. आज त्या भावाने सांगितलेलं पुराण कोणाच्या लक्षात नाही, राम जोशींच्या लावण्या अजून गातात लोक. म्हणजे लोक काय म्हणतील हा प्रश्न आपल्या गावाला नवा नाही.

अजून एक सांगतो. एक बाई यायच्या, हॉस्पिटलच्या निळ्या कपड्यात, रात्रपाळीला निघालेल्या. त्यांनी पेटीत कधीच काही टाकलं नाही. यायच्या, खांबाला टेकून उभ्या राहायच्या, एक गाडी समोरून जाऊ द्यायच्या आणि पुढच्या गाडीत चढून जायच्या. कामावर निघालेला माणूस न्यूयॉर्कमध्ये हातातली गाडी सोडतो ही केवढी मोठी गोष्ट आहे ते तिथे राहिलेल्यालाच कळेल. पैशाची पेटी समोर असली तरी मी वाट बघायचो ती या बाईंची.

तिकडे कोणीही उठून वाजवू शकतं का? परवानगी, लायसन्स, पोलिस वगैरे काय भानगड असते? (होटगी रोड आणि बार्शीहून असे दोन-तीन प्रश्न)

न्यूयॉर्कमध्ये हो, कोणीही. पण हे आपोआप मिळालेलं नाही. आधी सबवेत वाजवायला बंदी होती, लोक तरी वाजवायचे आणि दंड भरायचे. मग १९८५ मध्ये एका गिटारवाल्याच्या केसमध्ये तिथल्या कोर्टाने सांगितलं की अशी सरसकट बंदी चालणार नाही, कारण गाणं हा बोलण्याच्या स्वातंत्र्याचाच भाग आहे. त्याच वर्षी तिथल्या वाहतूक प्राधिकरणाने ‘म्युझिक अंडर न्यूयॉर्क’ नावाचा उपक्रम सुरू केला. त्यात ग्रँड सेंट्रल स्टेशनवर ऑडिशन होते, परीक्षक बसतात, जेमतेम पाच मिनिटं मिळतात, निवड झाली की तुमच्या नावाचा बॅनर आणि चांगल्या जागांवर ठरलेली वेळ मिळते. पण निवड झाली नाही तरी तुम्ही वाजवू शकता, फक्त त्या राखीव जागा सोडून. मी असाच बिनबॅनरचा होतो.

नियम मात्र आहेत आणि ते मला आवडले, कारण नियम असले की आपली बाजूही पक्की होते. तिकिटाच्या बूथपासून २५ फूट लांब. जिना, एस्केलेटर, लिफ्ट अडवायची नाही. प्लॅटफॉर्मवर अँप्लिफायर बिलकुल नाही (हा मुद्दाही कोर्टात गेला होता, १९९० मध्ये कोर्टाने अँप्लिफायरची बंदी योग्य ठरवली), वरच्या मधल्या मजल्यावर चालतो पण ५ फुटांवरून मोजला तर आवाज ८५ डेसिबलच्या वर जाता कामा नये. घोषणा चालू असताना थांबायचं. आणि धावत्या गाडीच्या डब्यात वाजवायचं नाही, डब्यात जे ढोलवाले नि नाचणारी पोरं व्हिडिओत दिसतात ते सगळं नियमाबाहेरचं.

पोलिसांचं म्हणाल तर प्रत्येक पोलिसाला हे नियम पाठ असतातच असं नाही. २०१४ मध्ये ब्रुकलिनच्या एका स्टेशनवर एका गिटारवाल्याने पोलिसाला तो नियम वाचायला लावला, पोलिसाने मोठ्याने वाचला, आणि तरीही त्याला अटक केली, ते सगळं व्हिडिओत आलं आणि बरीच बोंबाबोंब झाली. तेव्हापासून तर बरेच वाजवणारे नियमाचा कागद जवळ ठेवायचे, माझ्याही पेटीच्या झाकणात आतून चिकटवलेला असायचा.

लंडनची पद्धत वेगळी. तिथे २००३ पासून लायसन्सची योजना आहे, ऑडिशन द्यायची, लायसन्स मिळालं तर ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळी वाजवायचं. त्या जागा जमिनीवर अर्धवर्तुळ काढून दाखवलेल्या असतात. पॅरिसमध्ये १९९७ पासून मेट्रोवालेच ऑडिशन घेतात आणि बॅज देतात. माझं मत विचाराल तर न्यूयॉर्कचं मोकळेपण गाणाऱ्याला बरं आणि लंडनचं अर्धवर्तुळ प्रवाशाला बरं. आपल्याकडे सुरू व्हायचं असेल तर लंडनसारखंच होईल असं मला वाटतं, का ते खाली सांगतो.

मी गिटार वाजवतो, गातो पण. समजा मला स्टेशनवर वाजवायचं झालं तर काय वाजवायचं आणि जागा कशी निवडायची? यूट्यूबवर सगळे नुसतं ‘कॉन्फिडन्स पाहिजे’ सांगायलेत. (विजापूर रोड, कॉलेजचा विद्यार्थी)

तुझा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण कॉन्फिडन्सचं काही नसतं रे, जागेचं असतं सगळं.

सबवेचं स्टेशन म्हणजे टाइल्सच्या भिंती, सिमेंटची जमीन आणि कमी उंचीचं छत. आवाज कुठेच मुरत नाही, आपटून आपटून परत येतो. आपल्या घरातल्या बाथरूममध्ये आपण सगळे लता-रफी होतो ना, तेच मोठ्या मापात. पण त्याचं दुसरं टोक असं की तू पटपट काही वाजवलंस तर आधीचा सूर संपायच्या आत पुढचा येऊन त्यावर चढतो आणि सगळा गोंधळ ऐकू येतो. माझ्या द्रुतच्या ताना तिथे मातीमोल व्हायच्या. पण लांब सूर, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं), सावकाश आलाप, हे असं काही भरून यायचं की मी माझंच वाजवणं ऐकत राहायचो. म्हणून आधी नुसत्या टाळ्या वाजवून बघायचं, टाळी विरायला किती वेळ लागतो ते मनात मोजायचं आणि त्यावर आपली लय ठरवायची. गिटारवर स्ट्रमिंग कमी, एक एक तार छेडणं जास्त.

दुसरं म्हणजे वारा. हे कोणी सांगत नाही. बोगद्यातून गाडी येते ना तेव्हा आवाजाच्या आधी वारा येतो, कारण गाडी पुढची हवा ढकलत आणते. आधी गालाला गार लागतं, मग जमिनीवरचे कागद सरकायला लागतात, मग लांब कुठेतरी रुळांची किरकिर, आणि मग दिवा दिसतो. बासरीवाल्याचं पहिल्या टप्प्यालाच बंद, कारण फुंकर भोकावर बसायच्या आधीच वारा ती उडवून लावतो, सूर फाटतो. मी खांबाच्या आडोशाला, बोगद्याच्या तोंडाकडे पाठ करून उभा राहायचो. तुझं गिटार आहे, तुला वाऱ्याचा त्रास नाही, पण वारा आला की चीज संपवायला घ्यायची हे लक्षात ठेव, कारण लोक पैसे टाकतात ते गाडी आत येत असताना. आधी ते ऐकतात, उभे राहतात, विचार करतात, आणि गाडी दिसली की घाईघाईने खिशात हात घालतात. त्यावेळी तू गाण्याच्या मध्यात डोळे मिटून बसला असशील तर त्यांना कळत नाही की आता द्यावं का नंतर. समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) ये, त्यांच्याकडे बघ, मान हलव.

तिसरं, उभं राहणारे आणि चालणारे लोक वेगळे. प्लॅटफॉर्मवर लोक उभे असतात, त्यांच्याकडे तीन-चार मिनिटं असतात, तिथे पूर्ण गाणं चालतं. टाइम्स स्क्वेअरहून पोर्ट ऑथॉरिटीच्या बस स्टँडकडे जाणारा जो लांबलचक भुयारी रस्ता आहे तिथे कोणी थांबत नाही, सगळे चालत असतात, पण तुझा आवाज त्यांना लांबून यायला लागतो, जवळ येतो आणि मागे राहतो, म्हणजे एका माणसाला तू जेमतेम अर्धा मिनिट ऐकू येतोस. तिथे अंतरा-मुखडा करत बसण्यात अर्थ नाही, एकच सुंदर ओळ धरायची आणि तीच घोळवायची. माणसं बदलतायत, तुला बदलायची गरज नाही. आपल्याकडे भजनात एक चरण किती वेळ घोळवतात ते आठव, तेच.

कुठली गाणी म्हणशील तर तुझीच. मी सुरुवातीला तिकडच्या लोकांना माहीत असलेल्या धुना बसवायचो, थांबणारे थांबायचे. पण भूप नाहीतर पहाडी राग धरला की नुसते थांबायचे नाहीत, जवळ येऊन हे काय आहे म्हणून विचारायचे.

अमेरिकेत म्हणे एका जगप्रसिद्ध व्हायोलिनवादकाला स्टेशनवर उभं केलं आणि कोणी ढुंकूनही बघितलं नाही. मग रसिकता वगैरे सगळं तिकिटाच्या किमतीवरच असतं असंच ना? (रेल्वे लाइन्स, निवृत्त प्राध्यापक)

सर, हा किस्सा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो तो खरा आहे पण अर्धा. १२ जानेवारी २००७ ला जोशुआ बेल वॉशिंग्टनच्या एका मेट्रो स्टेशनवर साध्या कपड्यांत, डोक्याला टोपी, १७१३ सालचं स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिन घेऊन ४३ मिनिटं वाजवत होता. १,०९७ माणसं समोरून गेली, थांबून ऐकलं फक्त सात जणांनी, आणि जमले ३२ डॉलर नि काही सेंट. वॉशिंग्टन पोस्टने हे घडवून आणलं होतं आणि त्या लेखाला पुढच्या वर्षी पुलित्झर हे पत्रकारितेतलं मोठं पारितोषिक मिळालं.

आता माझ्यासारख्या माणसाच्या नजरेने बघा. वेळ सकाळी आठच्या आतबाहेर, वार शुक्रवार, म्हणजे ऑफिसची ऐन घाई. जागा कुठली तर एस्केलेटरवरून वर येऊन दाराबाहेर पडायची, भिंतीला लागून, कचऱ्याच्या डब्याजवळ. आसपास सगळी सरकारी ऑफिसं. स्टेशनवर रोज वाजवणारा कुठलाही माणूस ती जागा आणि ती वेळ घेणार नाही, फुकट दिली तरी. तिथे लोक उभे राहूच शकत नाहीत, मागचा मागून ढकलतो. आपल्या हुतात्मा एक्स्प्रेसच्या वेळेला सकाळी जिन्यातून पळणाऱ्या माणसासमोर तुम्ही कोणालाही आणून गायला बसवा, तो गाडीच पकडणार, आणि त्याला अरसिक म्हणणं अन्यायाचं आहे सर. सात-आठ तास उभं राहून काम करायला निघालेला माणूस तो.

याच बेलने २०१४ च्या सप्टेंबरमध्ये त्याच शहरात युनियन स्टेशनवर परत वाजवलं. यावेळी आधी जाहीर केलेलं होतं, आणि हॉल माणसांनी भरून गेला. हा दुसरा भाग कोणी फॉरवर्ड करत नाही. नावाचा परिणाम त्यात आहे, मान्य, पण वेळ आणि जागा मिळाल्याचाही आहे.

पहिल्या वेळची एक गोष्ट मात्र मला फार खरी वाटते, त्या लेखात लिहिलंय की जी जी लहान मुलं तिथून गेली ती सगळी थांबायला बघत होती आणि सगळ्यांना आई-बापाने ओढून नेलं. हे मी रोज बघितलंय. पोरगं मान पूर्ण मागे वळवून, हात आईच्या हातात, पाय पुढे आणि डोळे बासरीवर.

हे सगळं न्यूयॉर्कचं झालं. सोलापूर स्टेशनवर आम्ही चार जण मिळून संध्याकाळी वाजवायचं म्हटलं तर चालेल का? आरपीएफवाले उचलतील काय? (अशोक चौक, आणि जवळपास हाच प्रश्न अक्कलकोटहून)

याच प्रश्नासाठी खरं तर मी हा कॉलम घ्यायला हो म्हटलं.

आधी कायदा, कारण तो माहीत नसताना उत्साहात जाऊन उभं राहू नका. रेल्वे कायदा १९८९, कलम १४४. रेल्वेच्या हद्दीत परवान्याशिवाय काही विकायला आणि स्टेशनवर किंवा डब्यात भीक मागायला मनाई आहे. आता तुम्ही म्हणाल आम्ही कुठे भीक मागतोय, आम्ही वाजवतोय. पण महाराष्ट्रात १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा आहे आणि त्यात भीक मागण्याची व्याख्याच अशी केलीय की सार्वजनिक ठिकाणी भिक्षा मागणं किंवा घेणं, मग ते गाणं, नाच, भविष्य सांगणं अशा निमित्ताने असलं तरी. म्हणजे समोर डबा ठेवून गायलात की कायद्याच्या पुस्तकात तुम्ही कलाकार राहत नाही. दिल्लीला हाच कायदा लागू होता, तिथे २०१८ मध्ये हायकोर्टाने त्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली. पण तो निकाल दिल्लीपुरता, आपल्याकडे कायदा आहे तसा आहे.

हे वाचून मला दर वेळी वाईट वाटतं. ज्या राज्यात वासुदेव आणि गोंधळी जन्माला आले, ज्या जिल्ह्यात पंढरपूर आहे आणि जिथे आषाढीला लाखो माणसं रस्त्याने गात जातात, त्या राज्यात रस्त्यावर गाऊन दोन पैसे घेणाऱ्याला ओळखायला कायद्याकडे भिकारी सोडून दुसरा रकाना नाही.

तर मग करायचं काय. डबा ठेवायचा नाही, निदान सुरुवातीला. पैशाचा मुद्दाच काढून टाकला की तुमचं म्हणणं एकदम सोपं होतं, आम्हाला प्रवाशांसाठी वाजवायचंय. आणि न विचारता उभं राहायचं नाही, लेखी अर्ज करायचा. सोलापूर हे मध्य रेल्वेच्या विभागाचं मुख्यालय आहे, डीआरएम ऑफिस, म्हणजे विभागीय रेल्वे व्यवस्थापकांचं ऑफिस, आपल्या गावातच आहे, पुण्या-मुंबईला खेटे घालायचे नाहीत. अर्जात मोघम लिहू नका. कुठल्या ठिकाणी (जिन्यापासून, तिकीट खिडकीपासून, पाणपोईपासून लांब), कुठल्या वारी, किती ते किती, वाद्यं कुठली, स्पीकर नाही हे स्पष्ट, घोषणा सुरू झाली की थांबणार हे स्पष्ट, सामान किती जागा घेणार, जबाबदार व्यक्ती कोण. सुटे चार मित्र म्हणून जाण्यापेक्षा कॉलेज, वाचनालय किंवा संगीत विद्यालयाच्या लेटरहेडवर गेलात तर उत्तर यायची शक्यता जास्त. आणि मुंबईत चर्चगेटसारख्या स्टेशनांवर काही वर्षांपूर्वी एका संस्थेने रेल्वेच्या परवानगीने कलाकार उभे केले होते, म्हणजे हे भारतात झालेलंच नाही असं कोणी म्हणालं तर हे सांगा. मुंबई लोकलमधली भजनी मंडळं तर सगळ्यांना माहीतच आहेत.

स्पीकर का नको म्हणतो, तर ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम. लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ बंद. बिनस्पीकरचं राहिलात तर निम्मी कटकट संपते. शिवाय स्टेशनच्या हॉलला स्पीकर लागतच नाही हो, वर सांगितलं ना टाळीचं.

आपल्या स्टेशनचा एक मोठा फायदा सांगतो, जो न्यूयॉर्कला नाही. तिथे गाडी दर काही मिनिटांनी येते, माणूस सटकतो. आपल्याकडे माणूस गाडीच्या तासभर आधी येऊन बसतो. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला जाणारी माणसं बघा, पोहोचवायला आलेली घरची चार माणसं, पिशवीत कडक भाकरी नि शेंगा चटणी, बाळाला मांडीवर आडवं घेतलेलं, करायला काही नाही, मोबाइल बघून कंटाळलेले. एवढा वेळ असलेला श्रोता सबवेतल्या कुठल्याही वाजवणाऱ्याला मिळाला नाही. आणि त्यात मराठी आहेत, कन्नड बोलणारे आहेत, तेलुगू बोलणारे आहेत, उर्दूवाले आहेत. शब्दाशिवायचं वाद्य किंवा सगळ्यांना कळणारा एखादा अभंग, एवढ्यावर अख्खं वेटिंग तुमचं आहे.

मला हवंय ते एवढंच की सोलापूर स्टेशनच्या हॉलमध्ये, आणि एसटी स्टँडवर पण, कोपऱ्यात लंडनसारखं एक अर्धवर्तुळ रंगवावं. त्यात उभं राहून आपल्या पोरांनी ठरलेल्या वेळी वाजवावं, नावनोंदणी असावी, वेळेची यादी लावलेली असावी. जागा ठरली की पोलिसाला पण कळतं हा कोण आहे, प्रवाशाला पण कळतं आणि मुख्य म्हणजे वाजवणाऱ्याच्या आई-वडिलांना कळतं. अर्ज मी लिहिलाय, त्याचा मसुदा संपादकांकडे ठेवलाय, ज्यांना आपल्या संस्थेच्या नावाने द्यायचाय त्यांनी घेऊन जावा.

तोपर्यंत सराव हवा असेल तर जानेवारीत गड्ड्याची यात्रा आहे. होम मैदानावरच्या गर्दीत, आयोजकांना विचारून, एक संध्याकाळ वाजवून बघा, आकाशपाळण्याच्या आवाजात ज्याचं गाणं टिकलं त्याला स्टेशन सोपं जाईल.

माझी मुलगी लंडनला शिकायला गेलीय, व्हायोलिन वाजवते, म्हणते सुट्टीत ट्यूब स्टेशनला वाजवीन, खर्चाला हातभार. परवानगी द्यावी का? (सात रस्ता, वडील)

दादा, तुम्ही नाही, तिचा व्हिसा परवानगी देत नाही. ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसावर स्वतःचा धंदा करता येत नाही आणि एंटरटेनर म्हणून काम तर स्पष्टच मना आहे. पेटीत पडलेले पैसे हे कमाईतच धरले जातात. अमेरिकेत एफ-१ म्हणजे तिथल्या विद्यार्थी व्हिसावर असलेल्या मुलांनाही मी हेच सांगायचो, कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी ऑफिसला विचारल्याशिवाय एक डॉलर घेऊ नका, काही डॉलरसाठी अख्खं शिक्षण पणाला लागतं. तिला कॉलेजच्या ऑर्केस्ट्रात वाजवू दे, मित्र-मैत्रिणींत वाजवू दे.

पैसे किती मिळायचे? (जवळजवळ प्रत्येक पत्रात)

कधी जेवणाचे सुटायचे, कधी आठवड्याच्या किराण्याचे. शुक्रवार-शनिवारची संध्याकाळ बरी, सोमवारची सकाळ वाईट, पहिल्या बर्फाच्या दिवशी लोक का कोण जाणे हात सैल सोडायचे. पेटी रिकामी ठेवायची नाही, आपल्याच दोन-तीन नोटा आधी टाकून ठेवायच्या हे तिथला प्रत्येक जण करतो. नंतर नंतर लोकांच्या खिशात सुटे पैसेच नसायचे, मग फोनवरून पाठवायचा कोड लावायला लागलो. ज्यांना घर चालवायचंय आणि दुसरं काही नाही त्यांनी यावर अवलंबून राहू नये. जे राहतात त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे, ते दिवसाला सहा-सहा तास उभे असतात, घसा आणि कंबर दोन्ही जातं.

मी सुंद्री शिकतोय, मित्र बासरी वाजवतो. भुयारी जागेत किंवा थंडीत वाद्यांना काय त्रास होतो, काळजी काय घ्यायची? (बाळीवेस)

सुंद्री शिकतोयस हे वाचून खरंच आनंद झाला, आपल्या सोलापूरची खूण आहे ती. शहनाईपेक्षा लहान पण आवाज टोकदार, त्यामुळे टाइल्सच्या बंद बोळात भिंतीजवळ उभा राहू नकोस, तुझे तुलाच कान दुखतील आणि लोक लांबून जातील. मोकळा, उंच छताचा हॉल शोध आणि भिंतीपासून सुटा राहा. पत्ती कोरड्या हवेत लवकर वाळते, दोन-तीन भिजवून तयार ठेव, आणि मधल्या वेळात पत्ती उघडी ठेवू नकोस.

मित्राला सांग, गार बासरीत एकदम गरम फुंकर मारायची नाही, बांबू तडकतो. मी कोटाच्या आत छातीशी धरून आणायचो आणि आधी हातानेच चोळून कोमट करायचो. दोऱ्याचे वेढे घट्ट आहेत ना बघायचं, अधूनमधून आतून मोहरीचं तेल. आणि मोबाइलवर तानपुरा लावत असेल तर एक लक्षात ठेवायचं, थंडीत बासरीचा सूर उतरतो आणि वाजवता वाजवता आतली हवा गरम झाली की चढतो, मोबाइलचा तानपुरा मात्र आहे तिथेच राहतो. म्हणून आधी पाच-सात मिनिटं तानपुऱ्याशिवाय वाजवायचं, बासरी स्थिर झाली की मग तिच्या षड्जाला तानपुरा जुळवायचा, आणि गाडीच्या वाऱ्याने परत गार झाली तर परत जुळवायचा.